सगुणाईची वाट

थांबा पाहुणे, सायकलवरून उतरा. या दगडापासून पलीकडच्या वडापर्यंत सायकल हातात धरून चालायचं. पाटीवर नगरपालिकेनं ‘हरित मार्ग’ लिहिलंय, लिहू देत. आम्हा कुंभारआळीवाल्यांची ही सगुणाईची वाट. मी चाळीस वर्षं इथं सायकली भाड्यानं देतोय, पण हा नियम मोडायची माझीही छाती नाही.

पूर्वी इथं नुसता फुफाटा होता म्हणे. सगुणा कुंभारणीची लेक भर उन्हात माहेरी येताना इथंच कोसळली आणि गेली. तेव्हा सगुणाईनं शपथ घेतली, की या वाटेवर पुन्हा कुणाची लेक पोळणार नाही. नदीवरून मडक्यानं पाणी आणून तिनं कडुनिंब, करंज, वड जगवले. त्यात तिचे गुडघे गेले.

झाडं डवरली आणि देशमुखांना गाड्यांसाठी रुंद रस्ता हवासा झाला. म्हातारी कुऱ्हाडींपुढं आडवी पडली. तेव्हा देशमुखांनी अट घातली: वर्षभरात एक दिवस जरी या वाटेनं कुणी पायी गेलं नाही, तर झाडं तोडणार. मोजदादीला शिपाई बसवला. लोक हसले. रोज शंभर माणसं चालायची हो!

पण ग्रहण कुणाच्या ध्यानात नव्हतं. त्या दिवशी पहाटेपासून वेध, आणि सूर्य ग्रासलेलाच मावळायचा होता. दारं बंद. कुणीतरी गेलंच असेल, असं ज्याला त्याला वाटलं. दुपार कलली तरी वाट रिकामीच. ते पाहून सगुणाई खुरडत दाराशी आली, तर सात महिन्यांची गर्भार सून राधी पुढं झाली. गर्भारशीनं ग्रहणात बाहेर पडायचं! म्हातारी कळवळून म्हणाली, “झाडं जाऊ देत गं, तू नको जाऊस.”

राधी म्हणाली, “आई, सावली लेकीसाठी लावलीत ना? मग मी कोण?”

आणि ती चालू लागली. असं सांगतात, की तिला पाहून शिपाई उठला, पायताण काढून हातात घेतलं आणि शेवटपर्यंत तिच्या मागून चालला. झाडं राहिली. राधीला दोन महिन्यांनी ठणठणीत मुलगी झाली.

आजही आळीतली गर्भारशी सातव्या महिन्यात ही वाट चालते आणि सगळी आळी तिच्या मागून पायी जाते. एकदा चाललेला माणूस मग रोज येतो. शाळेची पोरं, बाजाराला जाणाऱ्या बाया, सगळे इथूनच. गाडी दारात धूळ खाते. गेल्या महिन्यात माझी नात चालली. तिच्या मागून सायकल ढकलताना मला रडू आवरलं नाही, खोटं कशाला सांगू?

उतरलात ना? चला तर. त्या बाईला आधी जाऊ द्या, तिला सातवा लागलाय.