साहेबांचे वजन

एकदा एक तरुण अधिकारी विमान तपासायला निघाला, तेव्हा त्याच्या मनात ते विमान केव्हाच उत्तीर्ण झालेले होते. हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या कार्यालयातील ही त्याची पहिलीच स्वतंत्र फाइल. एका व्यापाऱ्याने धरणाजवळच्या धावपट्टीवर चार आसनांचे छोटे विमान आणले होते. पर्यटकांना पंधरा मिनिटे जलाशयावरून फिरवून आणायचे, हा त्याचा नवा उद्योग, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्याला परवाना हवा होता. तरुणाने आठ दिवस खपून इंजिनाच्या नोंदी, वैमानिकाचे उड्डाणाचे तास, दुरुस्तीची कागदपत्रे सगळे पाहिले होते. बोट ठेवायला जागा नव्हती. आता एक प्रत्यक्ष फेरी तेवढी उरली होती, आणि तिच्यासाठी त्याचे गुरू, निवृत्तीला आलेले ज्येष्ठ निरीक्षक, सोबत आले होते.

सत्काराशिवाय आपल्याकडे तपासणी सुरू होत नाही. शाल झाली, नारळ झाला, पेढे झाले. मग सगळे वजनकाट्यापाशी आले. तिथे हौसाताई नावाच्या बाई वही घेऊन बसल्या होत्या. वैमानिकाशिवाय तीन प्रवासी, आणि सामानासह तिघांचे मिळून वजन दोनशे चाळीस किलोच्या आत, असा त्या विमानाचा नियम होता.

व्यापारी स्वतः काट्यावर चढला. ब्याऐंशी. हौसाताईंनी गुरूंकडे पाहिले, तोच व्यापारी पुढे झाला.

“अहो, साहेबांना काय काट्यावर चढवताय? पासष्ट लिहा. अंगकाठी दिसतीये की.”

हौसाताईंनी लिहिले. तरुणाला त्यांनी खाली मान घालून विचारले, “साहेब, तुमचं?”

“पंच्याहत्तर,” तो म्हणाला. कॉलेजात असताना ते खरेच तेवढे होते.

व्यापाऱ्याने गुरूंच्या हातातली बॅग अदबीने आपल्याकडे घेतली. ती घेताना त्याचा खांदा चांगलाच कलला. “साहेबांची बॅग वजनदार आहे,” असे म्हणून तो हसला, आणि ती त्याने आसनामागे नेऊन ठेवली. इंजिन सुरू झाले. विमान जागचे हलणार, इतक्यात गुरूंनी वैमानिकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“बंद करा. उतरू या.”

कोणाला काही कळेना. गुरू बॅग घेऊन सरळ काट्यावर जाऊन उभे राहिले. पंच्याऐंशी. त्यांनी बॅग उघडली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात विटा होत्या. मग त्यांनी शिष्याकडे नुसते पाहिले. तो काट्यावर चढला. अठ्ठ्याऐंशी. वहीत तिघांचे दोनशे बावीस लिहिलेले होते, आणि विमानात दोनशे पंचावन्न बसले होते.

“परवाना आज नाही,” गुरू म्हणाले.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. शिष्याला त्याच्याहून अधिक लागले. परतीच्या वाटेवर त्याला राहवेना.

“सर, त्याने लोभापायी काही केले नाही. आपला मान राखायला केले. आणि त्याला पकडायला तुम्ही विटा घेऊन गेलात, हे मला पटले नाही.”

“लोभापायी केले असते तर मी इतका घाबरलो नसतो,” गुरू शांतपणे म्हणाले. “लोभाने नियम मोडणारा लपून मोडतो. आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो आज ना उद्या सापडतो. मानापोटी मोडणारा नियम चारचौघांत मोडतो, आणि बघणाऱ्यांना तो संस्कार वाटतो. आज मी होतो. उद्या सरपंच येतील, परवा त्याचे व्याही येतील. विमानाला साहेब कळत नाही, त्याला किलो कळतात. आणि राहता राहिलास तू. त्या बाईंनी मान खाली घालून विचारले म्हणून तुला खोटे बोलता आले. प्रवाशाच्या डोळ्यांत बघून त्याला काट्यावर बोलावण्याचा अधिकार ज्या दिवशी त्यांना मिळेल, त्या दिवशी हा धंदा सुरक्षित होईल. तुझ्या आठ दिवसांच्या कागदांत तो अधिकार मला कुठे दिसला नाही.”

शिष्याला लाज वाटली.

वीस दिवसांनी व्यापाऱ्याचे पुन्हा बोलावणे आले. “या वेळी तू एकटा जा,” गुरू म्हणाले.

चाचणीसाठी प्रवासी म्हणून व्यापाऱ्याचे दोन कामगार काट्यावर वजन देऊन आधीच विमानात बसले होते. हौसाताई उभ्या राहिल्या. “साहेब, काट्यावर या. फाइलपण हातातच राहू द्या, तिचंही वजन धरायचंय.”

तो चढला. त्यांनी आकडा लिहिला, बेरीज केली, पुन्हा एकदा केली.

“सहा किलो जास्त होतंय. तुमचं नाव शेवटी आहे, साहेब. तुम्हाला थांबावं लागंल.”

विमानातला एक कामगार लगबगीने उठू लागला. हौसाताईंनी त्याला हातानेच बसवले. “तुमच्यासाठी ह्याला उतरवलं, तर मागच्यासारखंच झालं की,” त्या तरुणाला म्हणाल्या. त्यांची नजर हलली नाही.

व्यापाऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि मोठ्या कष्टाने मिटले. तरुणाला क्षणभर रागच आला. तपासायला आलेल्यालाच खाली ठेवतात म्हणजे काय? मग तो राग कुठल्या कुठे गेला, आणि कागदपत्रांवरच्या त्या आठ दिवसांच्या श्रमांत वाटले नव्हते एवढे समाधान त्याला वाटले. विमान त्याच्याविना धावपट्टीवरून उठले आणि जलाशयाच्या दिशेने वळले.

व्यापारी चहा घेऊन आला. “साहेब, राग नका मानू. दुसऱ्या फेरीला तुम्हाला नक्की बसवतो.”

“त्याची गरज नाही,” तरुण म्हणाला. त्याने फाइल मांडीवर उघडली, आणि ज्या विमानात त्याला जागा मिळाली नव्हती, त्याच्या परवान्याच्या शिफारशीवर आपली पहिली सही केली.