प्राचार्यांनी बुजवलेली विहीर

डोंगरातल्या त्या कॉलेजात मोबाईलला रेंज नव्हती. मंदाकिनी आणि तिची मैत्रीण सुकमी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायच्या, ती कॉम्प्युटर लॅबमधल्या इंटरनेटवरच. एक दिवस एक मुलगा तिथे नको ते बघताना सापडला. प्राचार्य दिघावकरांनी लॅबमधल्या सगळ्याच कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करून टाकलं. तयारी थांबली, तशी घरच्यांनी सुकमीला गावी नेलं आणि तिचं लग्न लावून दिलं.

पुढे संस्थेचे अध्यक्ष भेटीला आले. प्राचार्य भर सभेत छाती फुगवून म्हणाले, "आता इथं एकही मूल बिघडणार नाही!"

मंदाकिनी उभी राहिली. "सर, गावच्या विहिरीत कुणी पडलं, तर काय करावं?"

"कठडा बांधावा. एवढंही कळत नाही?"

"कळतं, सर. मग तुम्ही विहीरच का बुजवलीत?"

अध्यक्षांनी तिथल्या तिथे फर्मावलं, "नको त्या साइट तेवढ्या बंद ठेवा. बाकी इंटरनेट आजच सुरू करा."

सभा संपल्यावर प्राचार्यांनी तिला गाठलं. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"माझ्या झालं, सर," मंदाकिनी डोळे पुसत म्हणाली, "पण सुकमीला तहान होती, तेव्हा विहीर बुजलेली होती."