कावळ्याने शिवलेली खीर

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरीत सुभोग नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व कावळ्याच्या योनीत जन्मला होता. कावळा म्हटले की आपण नाक मुरडतो. पण हा कावळा नगरातल्या मोठ्या थव्याचा राजा होता. दानशाळेच्या अंगणात एक जुना कडुनिंब होता, त्यावर हा सगळा थवा राही आणि काकराजाच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

दानशाळा राजाची. वाटसरू, मोलमजूर, आंधळे-पांगळे, लेकुरवाळ्या बाया, सगळी दुपारी तिथे जेवत. रिवाज असा होता की शिजलेल्या अन्नाचा पहिला घास अंगणातल्या दगडी चौथऱ्यावर कावळ्यांसाठी ठेवायचा आणि कावळा शिवला की मग पंगत बसवायची. हे काम गोमा आचारीण करी. घास ठेवून ती रोज वर पाहून म्हणे, "या पाव्हणं, पानं वाढलीत." मात्र त्याच कावळ्याचा हंड्याला स्पर्श झाला, तर सगळे अन्न बाटले म्हणून ओतून द्यायचे. माणसांचे नियम असेच असतात, त्यांचा हिशेब कावळ्याने विचारू नये.

दानशाळेचे दूध, ताक, तांदूळ, भाजी ही सगळी आसपासच्या खेड्यांतून येई. पहाटे काढलेले दूध दुपारी लोकांच्या पोटात. पण त्या वर्षी कुंजरक नावाचा नवा भांडारी आला. त्याला हे गावठी वाटले. "रोजचेच गवळी आणि रोजचेच दूध! राजाच्या दानाला काही शोभा नको?" असे म्हणून त्याने खेड्यांकडची खरेदी बंद केली आणि सगळा माल दूरदेशीच्या सार्थवाह व्यापाऱ्यांकडून मागवू लागला. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटे नाही. गवळ्यांनी दारात येऊन विनवले, भांडाऱ्याने त्यांना दारातूनच वाटेला लावले.

वैशाखात राजाचा जन्मदिन येई. त्या दिवशी महाभोजन व्हायचे, आणि राजा स्वतः पंगतीत बसून सगळ्यांच्या आधी पहिला घास घ्यायचा. कुंजरकाने त्यासाठी दूरच्या माहिष्मती नगरीहून तिथली नावाजलेली खीर मागवली. तांब्याचे तीन मोठाले हंडे, वर झाकण, झाकणाच्या कडेला ओल्या मातीचा लेप. "कावळ्याची सावलीसुद्धा पडायची नाही," असे तो ज्याला त्याला अभिमानाने सांगत होता. गरम खीर हंड्यांत कोंडली गेली आणि गाड्या निघाल्या. वर वैशाखाचे ऊन, खाली तापलेली वाट. बैलांच्या तोंडाला फेस येत होता, मग आत त्या खिरीचे काय होत असेल याचा विचार कोणी केला नाही.

भोजनाच्या आदल्या दिवशी गाड्या नदीकाठच्या वडाखाली थांबल्या. गाडीवान सावलीत घोरू लागले. एका हंड्याचा लेप उन्हाने तडकला होता, तिथून खीर ठिबकत होती. त्या उन्हाळ्यात कावळ्यांचे हाल कुत्रा खाईना असे झाले होते. ओढे आटलेले, शेते उघडी, म्हणून थवा चारा शोधत त्या वडापर्यंत आला होता. लोलक नावाचा एक तरणा कावळा काकराजाला न विचारताच खाली झेपावला आणि अधाशासारखा खीर प्याला. थव्यातले बाकीचेही निघाले होते, पण काकराजाने त्यांना अडवले, कारण त्याच्या नाकाला वेलदोड्याच्या मागून एक आंबूस वास आला होता.

थोड्या वेळाने लोलकाची मान लुळी पडली. तो फांदीवरून खाली पडला तो पुन्हा उठला नाही. काकराज त्याच्याजवळ उतरला. सकाळी ज्याच्याशी बोललो, तो असा मातीत चोच खुपसून पडलेला! मग काकराजाला दानशाळेतली माणसे आठवली आणि तो उडाला.

बोधिसत्त्वाला माणसाची वाणी येत होती. भांडारगृहाच्या भिंतीवर बसून तो म्हणाला, "भांडारी, ती खीर कोणाला वाढू नका. आमचा एक जण ती पिऊन मेला. बंद हंड्यात उन्हाने तिचे विष झाले आहे."

कुंजरक मोठ्याने हसला. "खीर झाकलेली आहे, चोच घालता येत नाही, हे तुझं दुखणं! अरे, कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. चल, हट्!" आणि त्याने ढेकूळ उचलून भिरकावले.

राजापर्यंत पोचावे, तर राजवाड्यावर धनुर्धारी होते, त्यांना कावळा दिसला की नेम धरायची हुक्की येई. तेव्हा काकराजाने थवा जमवला आणि सांगितले, "उद्या चौथऱ्यावर घास पडेल. कितीही भूक लागली तरी कोणी शिवायचे नाही. आपण शिवलो नाही, तर माणसे थांबतील."

दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी फुलून गेले. ढोल, शिंगे, तोरणे. लेकरे पत्रावळीपुढे मांडी घालून बसली होती, काही तर नुसती पत्रावळच चाटत होती. राजा येऊन पंगतीत बसला. लेप फोडून खीर पळसाच्या पानावर घेतली गेली आणि गोमाने ती चौथऱ्यावर ठेवली. "या पाव्हणं."

वर कडुनिंब कावळ्यांनी काळा झाला होता. एकही खाली येईना. पोटे खपाटीला गेलेली, चोची उघड्या पडलेल्या, तरी एकानेही पंख उघडला नाही. ढोल हळूहळू थांबले. लोक वर पाहू लागले. आता माणसे थांबतील असे काकराजाला वाटले.

"आवं भांडारी," गोमा घाबरून म्हणाली, "कावळं शिवंनात. आजवर आसं कंदी झालं न्हाई. वाढू नगा, माझं ऐका."

"त्यांची पोटं भरली असतील," कुंजरक दातओठ खात म्हणाला. राजासमोर शोभा होत होती. "महाराज खोळंबलेत. वाढा!"

पुन्हा ढोल सुरू झाले. काकराज ओरडून सांगत होता, "खाऊ नका, खाऊ नका!" पण त्या गजरात त्याची कावकाव तेवढी ऐकू गेली. वाढपी पळ्या घेऊन हंड्यांकडे वळले. आता एकच उपाय उरला होता. माणसे कावळ्याचे ऐकत नाहीत, पण कावळ्याने शिवलेले खातही नाहीत.

तो झाडावरून सुटला आणि पहिल्या हंड्यात उतरला. पंख खिरीत बुचकळून निघाला आणि दुसऱ्यात. अंगणात एकच हलकल्लोळ उडाला. "शिवला! कावळा शिवला! बाटलं सगळं!" बायका किंचाळल्या. वाढप्यांच्या हातातल्या पळ्या गळून पडल्या. तो तिसऱ्या हंड्याकडे वळला तशी कुंजरकाने लोखंडी झारा उचलला आणि सगळा जोर लावून हाणला. पंखाचे हाड मोडल्याचा आवाज गोमाला ऐकू आला. तिने डोळ्यांवर पदर घेतला.

तो तिसरा हंडाच आता उरला होता, राजाच्या पानाजवळचा. उडता येत नव्हते. काकराज मोडका पंख फरफटत पत्रावळींमधून चालत गेला. ज्यांच्यासाठी तो चालला होता, तेच लोक त्याला खडे मारत होते. हंड्याच्या कानाला चोचीने धरून तो वर चढला आणि राजाच्या डोळ्यांदेखत आत पडला.

राजा उठला. "ओतून द्या हे सगळं," तो कसाबसा म्हणाला.

हंडे अंगणातच कलंडले. आणि मग जे दिसले, त्याने सगळे जागच्या जागी थिजले. हंड्यांचे तांबे आतून हिरवेगार पडले होते. खिरीला तार सुटत होती. गोमाने वाकून वास घेतला आणि मागे सरली. "कळकलीय! आरं देवा, ह्ये लेकरांच्या पानात जानार व्हतं!" वाड्यावरची दोन कुत्री धावत आली होती, कोणी हाकलण्याआधीच त्यांनी जिभा लावल्या. पंगत अजून उभीच होती, तोवर ती कुत्री ओकत, पाय झाडत आडवी झाली.

एका बाईने पुढ्यातले लेकरू उचलून छातीशी असे घट्ट धरले की ते रडू लागले. तिच्या दुसऱ्या हातात अजून खडा होता. तो तिने सोडून दिला.

राजाने कलंडलेल्या हंड्याजवळ जाऊन खिरीत पडलेल्या काकराजाला दोन्ही हातांनी उचलले. कावळ्याला, राजाने! "काकराज," राजा म्हणाला, "तू सगळं जाणत होतास. आम्ही तुला मारलं. आता या भांडाऱ्याचं काय करू? सुळावर देऊ?"

कुंजरक जमिनीवर कोसळून रडत होता. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, त्याने विष कालवले नाही. जवळचे ते हलके आणि लांबचे ते भारी, एवढेच त्याचे चुकले. रोज पहाटे त्याला खेड्यांत पाठवा. धारा काढतानाच दूध त्याने घ्यावे. आणि दुपारी लोकांच्या आधी पहिला घास त्याला द्या. मग तो नीट पाहून आणील."

एवढ्या भयातही गोमाला हसू आले. राजाने तिथेच आज्ञा दिली: दानशाळेचे अन्न यापुढे आसपासच्या खेड्यांतूनच यावे, त्याची किंमत राजभांडारातून हातोहात मिळावी, गवळ्यांना सावलीचे मांडव आणि पाणपोया बांधून द्याव्यात, आणि उन्हाळ्यात शिजलेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी कोणी राखून ठेवू नये.

"आणि तुला काय देऊ?" राजाने विचारले.

"माझा थवा उपाशी आहे, महाराज."

जवळच्या खेड्यातले गवळी धावत आले. ज्यांना दारातून हाकलले होते, तेच. गोमाने भात टाकला. ऊन कलता कलता ताजा दहीभात चौथऱ्यावर आला. पण कावळे उतरेनात. आपला राजा शिवल्याशिवाय ते शिवणार नव्हते, आणि त्याला तर उठताही येत नव्हते. तेव्हा राजा सुभोग चौथऱ्यापाशी जमिनीवर बसला. त्याने एक घास काकराजाच्या चोचीशी धरला. काकराजाने त्यातली दोन शिते उचलली. उरलेला घास, कावळ्याचा उष्टा घास, राजाने सगळ्यांच्या देखत आपल्या तोंडात घातला.

मग कडुनिंबावरून सगळा थवा एकदम खाली उतरला, आणि पंगत बसली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात उन्हाळ्यात सांगितली. दूरच्या श्रीमंत उपासकाकडून आलेले, दिवसभर उन्हात राहिलेले अन्न एक भिक्खू मोठ्या कौतुकाने संघाला वाढणार होता. ते वाढू नको म्हणून एका वृद्ध भिक्खुणीने त्याला परोपरीने विनवले होते आणि त्याने तिला उडवून लावले होते. तो आता समोर मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे प्रेमाने पाहून शास्ते म्हणाले, "भिक्खूहो, तेव्हाचा भांडारी कुंजरक म्हणजे हा भिक्खू. गोमा आचारीण म्हणजे ती भिक्खुणी. राजा सुभोग म्हणजे भिक्खू आनंद, आणि तो मोडक्या पंखाचा कावळा मीच होतो. मारणाऱ्याच्याही ताटात विष पडू न देणे, हीच करुणा."

भिक्खू आनंद उठला, त्या अन्नाचे पात्र घेऊन विहाराबाहेर गेला आणि ते खड्ड्यात पुरून आला.