भरल्या श्वासाचा एक्स-रे

"हृदय मोठं झालंय, हे तर दिसतंयच ना, सर?"

निशिगंधाने फिल्म उजेडाच्या काचेवर लावली आणि बाजूला सरली. मिरजेत मुजावर सरांच्या जनावरांच्या दवाखान्यात ती वर्षभरापूर्वी शिकायला आली होती. कॉलेजात पहिली आलेली. एक्स-रे वाचण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं तिला मनापासून वाटे.

सर फिल्मकडे बघत राहिले.

"कशावरून मोठं?"

"मोजलंय. लांबी, रुंदी, दोन्ही त्याच्याच पाठीच्या मणक्यांवर लावून पाहिली. अकरा मणक्यांच्या वर जातंय. शिवाय झडप गळतेय. ठोक्यात आवाज स्पष्ट आहे."

"काकांना सांगितलंस?"

"परवाच. आजपासून गोळ्या सुरू करू म्हटलं."

बाहेर बाकावर कुंभोजकर काका बसले होते. मांडीवर झिपऱ्या, त्यांचा म्हातारा पॉमेरेनियन. काकू गेल्यापासून दोघं रोज सकाळी तळ्यापर्यंत चालत जात. परवापासून मात्र काकांनी त्याचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. जिना असो, अंगण असो, सगळीकडे कडेवर.

सरांनी विचारलं, "हा फोटो कोणत्या श्वासाचा?"

तिने पुन्हा फिल्मकडे पाहिलं.

"आत घेतलेल्या, की सोडलेल्या?"

"...बघितलं नाही, सर. तो धडपडत होता. मिळाला तसा घेतला."

बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. श्वास सोडला की छाती आक्रसते आणि आतलं हृदय आहे त्याहून मोठं भासतं. परीक्षेत तिने यावर पानभर लिहिलं होतं.

सरांनी शिशाचा एप्रन अंगावर चढवला, झिपऱ्याला आत घेतलं आणि टेबलावर कुशीवर निजवलं. बटण तिच्या हाती दिलं.

"घेऊ?"

"त्याला विचार."

झिपऱ्या धापा टाकत होता. निशिगंधाची नजर त्याच्या बरगड्यांवर. ती दाबणार, तेवढ्यात श्वास सुटला. पुन्हा तेच. आपणही श्वास रोखून उभ्या आहोत, हे तिला उमगलं. तिने तो सोडला.

सर त्याच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे होते...

हळूहळू धाप उतरली. बरगड्या सावकाश फुलल्या, आणखी फुलल्या, पुरत्या भरल्या.

तिने बटण दाबलं.

नवी फिल्म जुनीच्या शेजारी लागली. निशिगंधाने मोजलं. मग पट्टी पुसून पुन्हा मोजलं. दहाच्या जरा वर. त्याच्या जातीच्या कुत्र्याला शोभेल एवढंच.

"झडप गळतेय," ती हळूच म्हणाली. "पण हृदय अजून मोठं झालेलं नाही."

"गोळ्या?"

"आज नकोत."

तिचे कान तापले होते. सर तिच्यासाठी दार उघडून उभे राहिले. झिपऱ्याला उचलून तीच बाहेर गेली आणि त्याला काकांच्या मांडीवर दिलं.

"काका, परवा माझी घाई झाली. फोटो नीट आला नव्हता. याची झडप थोडी गळते, ते खरं आहे. पण हृदय वाढलेलं नाही. औषध लागत नाही."

काकांनी झिपऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे... चालू देऊ याला?"

"चालू द्या. झोपेत श्वास जोरात वाटला किंवा खोकला सुरू झाला, तर लगेच आणा. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू."

काका वाकले आणि त्यांनी झिपऱ्याला खाली ठेवलं. त्याने अंग झाडलं, केस फुलवले आणि साखळी ताणत थेट रस्त्याकडे निघाला. काकांना एकच चप्पल नीट घालता आली. दुसरी तशीच ओढत ते त्याच्यामागे गेले.

निशिगंधा आत आली. सर फिल्म उतरवत होते.

"सर, आज ना उद्या त्याचं हृदय मोठं होईलच ना?"

"होऊ शकतं."

"मग तेही सांगायला हवं होतं. त्यांनी मन घट्ट केलं असतं."

सरांनी नवी फिल्म तिच्या हातात दिली आणि खिडकीतल्या उन्हाकडे बोट दाखवलं. तिने ती उन्हात धरली.

"यात उद्या कुठे आहे, दाखव बघू."