भिवराची साक्ष

फार फार वर्षांपूर्वी, घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावावर किल्लेदाराचा अंमल चाले. तिथे एक मोठी पाठशाळा होती आणि तिच्या प्रमुखांना सगळे थोरले गुरुजी म्हणत.

गुरुजींचा एकच नेम होता. पाठशाळेच्या दारात पाऊल टाकलं की कोण कुणाचं लेकरू, हे विसरायचं. किल्लेदाराचा मुलगा आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाची मुलगी एकाच चटईवर बसत. ज्याला समजलं नाही त्याला गुरुजी पुन्हा सांगत. ज्याने लबाडी केली त्याला, बाप कुणी का असेना, शिक्षा होई. तरी मुलांचा त्यांच्यावर फार जीव. बाजारात गुरुजी दिसले की मुलं खेळ टाकून त्यांच्याकडे धावत.

दर वर्षी परीक्षेत पहिलं येणाऱ्याला पुढच्या शिक्षणासाठी राजधानीला पाठवत. त्या वर्षी बुरुडाची मुलगी पहिली आली. किल्लेदाराचा मुलगा दुसरा.

किल्लेदाराने निरोप धाडला, "नावं खालीवर करा."

गुरुजींनी उलट निरोप दिला, "उत्तरं मुलांनी लिहिली आहेत. ती मी कशी खालीवर करू?"

चौथ्या दिवशी दवंडी पिटली. गुरुजी पक्षपाती आहेत, त्यांनी मुलीला प्रश्न आधीच सांगितले, त्यांना गावाबाहेर काढायचं की नाही याचा फैसला उद्या चावडीवर होईल!

भिवरा कुंभारीण अंगणात माती मळत होती. दवंडी ऐकून तिचे हात थांबले. संध्याकाळी पाणवठ्यावर जो तो हळहळत होता. "देवमाणूस हो!" "असा गुरू पुन्हा मिळायचा नाही."

"मग उद्या चावडीवर हेच बोलाल ना?" भिवराने विचारलं. तेव्हा कुणाला शेतावर जायचं होतं, कुणाच्या घरी पाहुणे येणार होते. भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. किल्लेदाराने पहिली साक्ष भिवराचीच काढली. कारण तिच्या मुलाला गुरुजींनी एक वर्ष मागे ठेवलं होतं आणि तिने चारचौघांत गुरुजींना शिव्याशाप दिले होते.

"सांग बाई, या माणसाने तुझ्या मुलावर अन्याय केला ना?"

"मुलगा मागे राहिला, हे खरं," भिवरा म्हणाली. "मी जाऊन भांडले, रडले, तेही खरं. गुरुजींनी मला बसवून घेतलं आणि त्याचं एकेक उत्तर वाचून दाखवलं. मला अक्षर येत नाही, पण चूक कळली. मग वर्षभर रोज सकाळी त्यांनी त्याला स्वतः शिकवलं. सरकार, माझ्या रडण्यापुढे ज्याने एक गुण वाढवला नाही, तो बुरुडाच्या पोरीसाठी लबाडी करील? काय मिळणार होतं त्याला, एक टोपली?"

मागे कुणीतरी हसलं. भिवरा गर्रकन वळली.

"हसता काय? काल देवमाणूस म्हणणारी तोंडं आज शिवली का? तुमच्या लेकरांना या माणसाने शहाणं केलं, आणि त्याला हाकलायला निघालेत तर तुम्ही माना खाली घालून बसलात! लाज नाही वाटत?"

मग किल्लेदाराचा मुलगाच उठून उभा राहिला.

"आबासाहेब, तिला प्रश्न माहीत नव्हते. शेवटचं गणित मला सुटलं नाही, तिला सुटलं. एवढंच."

किल्लेदाराचा चेहरा उतरला. आता एकेक गावकरी उठला, गुरुजींच्या बाजूने बोलू लागला. किल्लेदाराला आरोप मागे घ्यावा लागला. बुरुडाची मुलगी राजधानीला गेली. हे सारं राजाच्या कानी पडलं, तेव्हा किल्लेदाराचा त्या गावावरचा अंमलही उठला.

पण त्या दिवशी चावडीवर गावकरी हार घेऊन धावले, तेव्हा भिवराने त्यांना वाटेतच अडवलं. तिचा राग उतरला नव्हता. "हार कसले घालता? आधी माफी मागा."

ओशाळलेल्या गावाने हात जोडले. गुरुजींनीही हात जोडले. मग भिवराकडे वळून म्हणाले, "बाई, पाठशाळेची वेळ झाली. मुलाला सांगा, आज उशीर केला तर बाहेर उभा करीन."

भिवराला हसू आलं, आणि डोळेही भरले.

तात्पर्य: भल्या माणसाचं त्याच्या पाठीमागे कौतुक करून भागत नाही, वेळ आली की त्याच्या पाठीशी उभं राहावं लागतं.