क्रूझवरचं गरम पाणी

बोटीवर शर्वी काही खाईल का, या काळजीने मृण्मयीला रात्रभर झोप नव्हती. गोव्याच्या क्रूझचं तिकीट स्वस्त मिळालं खरं, पण आत ज्यूसचे पैसे वेगळे, वायफायचे वेगळे. श्वास तेवढा फुकट. चार वर्षांच्या शर्वीने बुफेतल्या एकाही पदार्थाला तोंड लावलं नाही. घरून आणलेल्या कोरड्या उपम्यात उकळतं पाणी घातलं की काम झालं असतं.

"नुसत्या गरम पाण्याचे पैसे पडतील, मॅडम," टाय सावरत मॅनेजर सबनीस म्हणाले. "तिकीट स्वस्त उगाच नाही. जेवण, चहा त्यात. बाकी सगळं वेगळं."

आपण फारच चिकटपणा करतोय का, असं तिला वाटून गेलं. पण लेकीचं तोंड सुकलं होतं.

"चहा तिकिटात आहे ना? मग दोन चहा द्या. फक्त चहाची पुडी कपात बुडवू नका, बशीत ठेवा. दूध-साखरही नको."

सबनीसांनी नियम मनात उलटसुलट करून पाहिला आणि उकळत्या पाण्याचे दोन कप पुढे सरकवले.

मृण्मयीने ऐटीत उपमा कालवला आणि फुंकर घालून चमचा शर्वीपुढे धरला.

शर्वी म्हणाली, "उपमा नको आई. मला चहाच हवा."