दोघांतला भोळा

परतूरच्या डॉक्टर होनरावांना आपल्या सचोटीचा भारी अभिमान होता. औषध कंपनीचा प्रतिनिधी आला की ते त्याच्याशी मनसोक्त गप्पा मारत, त्याने आणलेले काजू खात. कंपनीच्या खर्चाने गोव्याची परिषदही करून आले होते. "खातो त्यांचं, पण लिहितो माझ्या मनाचं," असं ते छातीठोकपणे सांगत.

एकदा निवृत्त मुख्याध्यापिका यमुनाताई चिठ्ठी घेऊन परत आल्या. "डॉक्टर, जुन्या गोळीनं माझं बीपी नीट होतं. मग ही चौपट महागाची कशाला दिलीत?"

"ही जास्त चांगली आहे."

"कोण म्हणतं?"

प्रतिनिधीचं नाव डॉक्टरांच्या अगदी ओठांवर आलं. ते गिळून ते म्हणाले, "बाई, कंपनीच्या खाऊचा माझ्यावर काडीचाही परिणाम होत नाही."

यमुनाताई शांतपणे म्हणाल्या, "आणि तरी कंपनी वर्षानुवर्षं तुमच्यावर खर्च करतेय. म्हणजे तुम्हा दोघांत एक जण नक्की भोळा आहे. कंपनी तर नफ्यात आहे."

डॉक्टरांनी जुनी गोळी लिहून दिली. आता ही गोष्ट ते स्वतःच चारचौघांत रंगवून सांगतात. म्हणतात, "त्या दिवशी तपासणीची फी मी घेतली, पण निदान बाईंनी केलं, तेही माझं."